केळीची वंशावळ

केळीला वनस्पतिशास्त्राने जे लॅटिन नाव दिले आहे, त्याचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. 'मुसा पॅराडिसियाका', म्हणजे नंदनवनातील केळ. ज्या झाडाच्या पानावर आपण जेवतो, ज्याचे खांब लग्नाच्या मांडवाला उभारतो आणि ज्याचे फळ वाळवून वसईकर सुकेळी करतात, त्या झाडाला हे स्वर्गीय नाव कोणी दिले व का दिले, ही एक मनोरंजक हकिकत आहे. परंतु त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. या झाडाचे खरे आईबाप कोण? हा प्रश्न माणसाने सुमारे चारशे वर्षे डोळ्यांनी पाहून सोडवू पाहिला. त्याचे पुष्कळसे उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, पानाच्या हिरव्या कणात दडलेल्या एका लेखातून मिळाले. त्या शोधाचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रवासी, वैद्य आणि कार्मेलाइट

चौदाव्या शतकाच्या मध्यास जॉन द मारिन्योली नावाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू पोपमहोदयांचे वकील म्हणून चीनला गेले होते. परतताना ते मलबारात राहिले आणि सिंहलद्वीपातही गेले. तेथे त्यांनी केळी पाहिल्या. फळ आडवे कापले असता त्यात क्रुसावर खिळलेल्या पुरुषाची आकृती दिसते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आदाम आणि एवा यांनी आपली लाज झाकण्यासाठी याच झाडाची पाने घेतली असावीत, असेही त्यांना वाटले. उत्पत्तीच्या पुस्तकात अंजिराची पाने असा उल्लेख आहे आणि युरोपीय प्रवासी केळ्यालाही 'अंजीर'च म्हणत. अंजिराच्या पानाने अंग झाकणे अवघड, केळीच्या पानाने मात्र सहज शक्य, हा तर्क मध्ययुगीन मनाला पटला. पवित्र शास्त्राने त्या निषिद्ध फळाचे नाव कोठेच सांगितलेले नाही. माणसाने मात्र ती रिकामी जागा आपापल्या परीने भरली. युरोपच्या चित्रकारांनी तेथे सफरचंद आणले, पूर्वेकडे आलेल्या प्रवाशांनी केळे आणले.

सन १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनीही भारतातील या 'अंजिरां'ची चर्चा केली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी मलबारचे डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड यांनी 'हॉर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या कामात मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ या कार्मेलाइट धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण यांनी वनस्पतींची नावे व गुणधर्म पुरविले. त्या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रशस्तिपत्रही पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच खंडात 'बाला' या मलबारी नावाने केळीचे वर्णन व भव्य चित्रे आली. डच प्रोटेस्टंट अधिकारी, नेपल्सचा कॅथोलिक संन्यासी, मलयाळी वैद्य आणि कोकणी पंडित एका कामासाठी एकत्र बसले, ही घटनाच त्या काळी दुर्मिळ होती.

लिनियसची केळ

पुढची पायरी युरोपात चढली गेली. हॉलंडमधील हार्लेमजवळ हार्टेकाम्प येथे जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाची बाग होती. त्याच्या काचगृहातील केळीला काही केल्या फूल येत नव्हते. कार्ल लिनियस या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने माळ्याला झाडाचे पाणी तोडावयास व मग एकदम मुबलक पाणी द्यावयास सांगितले. १७३६ च्या आरंभी झाड फुलले. त्या आनंदात लिनियसने केवळ केळीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात रीड यांच्या ग्रंथाचा आधार घेतला. १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत त्याने रूढ केली, तेव्हा अरबी 'मौझ'वरून आलेला 'मुसा' हा शब्द आणि नंदनवनाची जुनी आख्यायिका यांची जोड घालून 'मुसा पॅराडिसियाका' हे नाव कायम केले. नंतर १७५९ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या केळीला त्याने 'मुसा सापिएन्टुम', म्हणजे ज्ञानी लोकांची केळ, असे नाव दिले. भारतातील ऋषी हे फळ खाऊन राहतात, या प्राचीन रोमन समजुतीचा तो प्रतिध्वनी होता.

नावे सुंदर होती, पण त्यांच्या पायाशी एक अडचण होती. लिनियसच्या मते जाती म्हणजे आपल्यासारखीच प्रजा निर्माण करणारा सजीवांचा समूह. आपल्या वाडीतील केळीला बी कोठे असते? फळाच्या मध्यावर दिसणारे काळसर ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडे होत. केळ वाढते ती कंदातून फुटणाऱ्या मुनव्यांनी. म्हणजे बागेतील केळ ही नवी पिढी नव्हेच. तेच झाड शतकानुशतके स्वतःला पुन्हा पुन्हा उभे करीत आलेले असते. ज्याला संतती नाही, त्याची वंशावळ कशी मांडावी?

पंधरा लक्षणे

१८२० मध्ये इटलीतील ट्यूरिनचे वकील व वनस्पतिशास्त्रज्ञ लुइजी कोल्ला यांनी दोन केळींचे वर्णन केले: 'मुसा अक्युमिनाटा' आणि 'मुसा बाल्बिसियाना'. या दोन्ही जाती रानात बियांनी वाढतात आणि त्यांच्या फळात गरापेक्षा बियाच अधिक असतात. या दोन रानटी जातींचे महत्त्व पुरते ध्यानात यावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर १९२२ पासून केळीच्या संकराचे प्रयोग चालू होते. तेथे काम केलेल्या ई. ई. चीझमन यांनी १९४७ पासून केळीच्या कुलाची नव्याने मांडणी केली. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी जी रानकेळ आपण पाहतो, ती दिसावयास केळच. रॉक्सबर्ग यांनी तिला 'मुसा' याच प्रजातीत घातले होते. पण तिला मुनवे फुटत नाहीत. ती बियांनीच वाढते, एकदाच फुलते आणि मरते. चीझमन यांनी अशा केळींसाठी 'एन्सेट' ही स्वतंत्र प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली. इथिओपियातील लक्षावधी लोक ज्या झाडाच्या कंदावर व खोडावर उदरनिर्वाह करतात, ते एन्सेट आपल्या रानकेळीचे सख्खे भावंड ठरले. खऱ्या केळींचे त्यांनी चार विभाग पाडले. गुणसूत्रांची मूळ संख्या दोन विभागांत १० आणि दोन विभागांत ११ होती. वाडीतल्या केळी बियांविना फळे का धरतात आणि कोणत्या रानटी जातींच्या संकरातून आल्या, याचा रस्ता येथून मोकळा झाला.

१९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी एक साधी पण कल्पक पद्धत सुचविली. खोडाचा रंग, पानाच्या देठावरील पन्हळ उघडी की मिटलेली, केळफुलाच्या पाकळ्यांचा आकार, त्या गळताना मागे वळतात की नाही, बीजांडांच्या ओळी किती, अशी पंधरा लक्षणे त्यांनी निवडली. प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले. शुद्ध अक्युमिनाटाला १५ गुण आणि शुद्ध बाल्बिसियानाला ७५. बागेतील केळ मध्ये कोठे बसते, हे पाहून तिच्यातील दोन्ही वंशांचा वाटा ठरवावयाचा. अक्युमिनाटाला 'ए' आणि बाल्बिसियानाला 'बी' ही अक्षरे मिळाली. त्यानुसार बसराई ही 'एएए', सफेद वेलची 'एबी', राजेळी 'एएबी' आणि बनकेळ 'एबीबी' अशी नोंद झाली. तीन अक्षरे म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच. अशा त्रिगुणित झाडात बीजनिर्मितीच्या वेळी गुणसूत्रांची नीट जोडी जुळत नाही, म्हणून फळ बहुधा निर्बीज राहते.

लिनियसचे पॅराडिसियाका हे मग स्वतंत्र जातीचे नाव उरले नाही. ते दोन रानटी जातींच्या संकराचे नाव ठरले आणि आज ते तसेच गुणाकाराच्या चिन्हासह लिहिले जाते. नंदनवनाचे म्हणून जे झाड गौरविले गेले, ते माणसाच्या बागेत घडलेले निघाले.

तरीही पंधरा लक्षणांनी एक गोष्ट कधीच सांगितली नसती. 'एबी' या केळीत 'ए' ही आई की बाप? आणि अक्युमिनाटाच्या अनेक उपजाती आसामपासून न्यू गिनीपर्यंत पसरलेल्या असताना, नेमकी कोणती उपजाती कोठे व केव्हा या संकरात उतरली? पानाफुलांचे रूप आईबापांचे मिश्रण दाखविते, पण आई वेगळी व बाप वेगळा असे दाखवीत नाही.

हिरव्या कणातील लेख

यासाठी आपणांस पानाच्या पेशीत जावे लागेल. पानाला हिरवा रंग देणारे आणि सूर्यप्रकाशातून अन्न तयार करणारे जे सूक्ष्म कण असतात, त्यांना हरितलवके म्हणतात. हे कण मुळात स्वतंत्र जीव असावेत आणि पुरातन काळी दुसऱ्या पेशीत येऊन वस्तीला राहिले असावेत, अशी कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडली. तेव्हा तिला फारसे कोणी मानले नाही.

ब्रुनो येथील मठात वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करणारे ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांचे १८६६ मधील नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. ते उजेडात आणणाऱ्यांपैकी एक जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये मेंडेलच्या नियमात न बसणारी एक गोष्ट दाखविली. आपल्या अंगणात संध्याकाळी फुलते त्या गुलबक्षीच्या काही झाडांवर हिरव्या, पांढऱ्या व पांढरट ठिपक्यांच्या फांद्या एकत्र असतात. पांढऱ्या फांदीवरील फुलाला कोणतेही पराग लावले तरी रोपे पांढरीच निघत, हिरव्या फांदीवरील फुलाची हिरवीच. पराग देणाऱ्या बापाचा त्यात काहीच संबंध नव्हता. पानाचा तो गुण आईकडूनच येत होता. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनीही मेंडेलच्या नियमात न बसणारी निरीक्षणे प्रसिद्ध केली.

हरितलवकांना स्वतःचा डीएनए असतो, हे १९६२ मध्ये रिस आणि प्लाउट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले, तेव्हा मेरेश्कोव्स्कींच्या कल्पनेला आधार मिळाला. १९८६ मध्ये जपानमध्ये तंबाखू आणि मार्कान्शिया या शेवाळवर्गीय वनस्पतीच्या हरितलवकांचा संपूर्ण जनुकसंच अक्षर न अक्षर वाचला गेला. तंबाखूच्या बाबतीत ती सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरांची एक वर्तुळाकार साखळी आहे. केंद्रकातील कोट्यवधी अक्षरांच्या तुलनेत हे एक छोटेसे पुस्तक म्हणावयास हरकत नाही. पण ते पेशीत एकाच वेळी शेकडो प्रतींत असते, सावकाश बदलते आणि बहुतेक फुलझाडांत केवळ आईकडून जसेच्या तसे पुढे जाते. त्यामुळे संग्रहालयात जपलेल्या वाळलेल्या पानातूनही ते पुष्कळदा वाचता येते.

या वाचनातून वंशावळ कशी निघते? फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे उदाहरण घेऊ. सतराव्या शतकातील त्याची छापील प्रत आज उपलब्ध नाही. हाताने नकललेल्या प्रती मात्र घराघरांतून टिकल्या. १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशा अनेक प्रती ताडून पाहून. नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर बदलले, की त्या प्रतीवरून केलेल्या पुढील सर्व प्रतींत तोच बदल उतरतो. दोन प्रतींत समान पाठभेद सापडले, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून आल्या असे अनुमान निघते. हरितलवकाचे पुस्तकही पिढ्यान् पिढ्या नकलले जाते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. निरनिराळ्या वनस्पतींतील समान बदल जुळवीत गेले, की कोण कोणाच्या शाखेतून फुटले याचा वृक्ष उभा राहतो.

१९९३ मध्ये मार्क चेस आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी हरितलवकातील एकच जनुक ४९९ वनस्पतींत वाचून फुलझाडांचा विशाल वंशवृक्ष मांडला. १९९८ मध्ये अशा पुराव्यांवर आधारलेले फुलझाडांचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. केळ, आले, हळद, वेलदोडा आणि कर्दळ ही उष्ण प्रदेशातील झाडे एकाच गणातील आठ कुलांत मोडतात. त्यांपैकी आले, हळद व कर्दळ यांच्या बाजूच्या चार कुलांचे नाते हरितलवकाच्या जनुकांनी भक्कमपणे दाखविले. केळीच्या बाजूची चार कुले मात्र पुरातन काळी फार थोड्या अवधीत एकमेकांपासून फुटली. इतक्या थोड्या अवधीत बदल थोडेच साठतात. म्हणून २०१४ मध्ये हरितलवकाची सारी जनुके एकत्र वाचूनही त्यांचा क्रम निर्विवाद ठरला नाही.

आईचा लेख आणि बापाचा लेख

केळीच्या बाबतीत निसर्गाने एक आणखी सोय करून ठेवली होती. पेशीत हरितलवकांखेरीज तंतुकणिका नावाचे कण असतात. पेशीला ऊर्जा पुरविण्याचे काम ते करतात आणि त्यांनाही स्वतःचा डीएनए असतो. बहुतेक वनस्पतींत तंतुकणिकाही आईकडूनच येतात. १९९४ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले, की केळीत हरितलवके आईकडून येतात, पण तंतुकणिका बापाकडून येतात. एकाच पानात आईची वंशावळ एका कणात आणि बापाची दुसऱ्या कणात, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. पुत्रपौत्र नसलेल्या केळीजवळ मातृकुल आणि पितृकुल या दोहोंची सनद होती. ती वाचणाऱ्याचीच काय ती वाट पाहावयाची होती.

फ्रान्स्वाझ कारेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रानटी, १३१ द्विगुणित आणि १०३ त्रिगुणित केळींतील हे दोन्ही लेख ताडून पाहिले. २००२ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बियांविना फळ धरणाऱ्या केळींचे नाते अक्युमिनाटाच्या दोन उपजातींशी जुळले. एक न्यू गिनीतील 'बँक्साइ', दुसरी फिलिपाइन्समधील 'एरान्स'. म्हणजे केळ माणसाळविण्याचे पहिले केंद्र फिलिपाइन्स ते न्यू गिनी या पट्ट्यात असावे. न्यू गिनीच्या उंच पठारावरील कुक येथील दलदलीत पुरातत्त्वज्ञांना केळीच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण सापडले आहेत आणि तेथे सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती, असे त्यावरून दिसते. प्रयोगशाळा आणि उत्खनन यांची साक्ष येथे एकमेकींशी जुळली.

यातून जे चित्र उभे राहते, ते असे. बेटाबेटांवर राहणाऱ्या माणसांनी आपापल्या रानातील केळींचे कंद होड्यांतून दुसऱ्या बेटांवर नेले. जे निसर्गाने समुद्राने वेगळे ठेवले होते, ते बागेत शेजारी आले. दूरच्या उपजातींचा संकर झाला. त्यांची संतती बहुधा वांझ, पण गर भरलेली निघाली. माणसाने तीच निवडली आणि मुनव्यांनी जपली. पुढे हीच केळ आशियाच्या मुख्य भूमीकडे आली, तेव्हा तिची बाल्बिसियानाशी गाठ पडली आणि राजेळीसारख्या केळी जन्मास आल्या.

या वाचनाने चीझमन यांचे चार विभागही टिकू दिले नाहीत. ११ गुणसूत्रांचे दोन विभाग परस्परांत इतके गुंतलेले आढळले, की त्यांना वेगळे मानणे शक्य उरले नाही. १० गुणसूत्रांच्या बाजूलाही तसेच झाले. २०१३ मध्ये फिनलंडचे मार्कू हॅकिनेन यांनी चारांचे दोनच विभाग केले. त्याच वर्षी केळीच्या हरितलवकाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो सुमारे १ लाख ७० हजार अक्षरांचा आहे. त्याआधी एक वर्ष, २०१२ मध्ये, अक्युमिनाटाच्या केंद्रकाचा जनुकसंच वाचून झाला होता.

केंद्रकाचे हे वाचन आवश्यक होते, कारण हरितलवकाच्या साक्षीला एक मर्यादा आहे. ते फक्त आईचे नाव सांगते. त्या आईच्या बापाचे, आजोबांचे काय, याविषयी ते मुके राहते. संकराच्या मार्गाने एका जातीची हरितलवके दुसऱ्या जातीत कायमची शिरतात, असेही कधी कधी घडते आणि मग एकट्या त्या लेखावर विसंबणारा माणूस चुकीच्या घराण्याचे नाव लावून बसतो. म्हणून आईचा लेख, बापाचा लेख आणि केंद्रकातील एकत्र खाते हे तिन्ही मिळूनच केळीची वंशावळ पुरी होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात असे दिसून आले, की बागेतील द्विगुणित केळींच्या जडणघडणीत तीन अशा पूर्वजांचा वाटा आहे, जे ज्ञात रानटी केळींत अजून कोठेच आढळलेले नाहीत. त्यांच्या खुणा न्यू गिनी, सयामचे आखात आणि उत्तर बोर्निओ ते फिलिपाइन्स या प्रदेशांकडे बोट दाखवितात.

या वंशावळीचा उपयोग

एखाद्या शेतकऱ्याला वाटेल, की आईबाप कोण हे कळून घडाला एक फणी अधिक लागणार आहे काय? इतिहासाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत विकले जाणारे केळे म्हणजे प्रामुख्याने 'ग्रो मिशेल' ही एकच जात होती. मातीतील एका बुरशीने मर रोग पसरविला आणि लॅटिन अमेरिकेतील तिचे मळे उद्ध्वस्त झाले. १९६० च्या दशकापर्यंत तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली बसराई आणि जळगावच्या शेतांतील ग्रँड नैन याच गटातील. ही सर्व झाडे एकाच मूळ झाडाची मुनव्यांनी वाढविलेली रूपे असल्यामुळे जो रोग एकीला मारतो, तो सर्वांना मारू शकतो.

तो रोगही आला. त्याच बुरशीचा 'टीआर-४' नावाचा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. आग्नेय आशियातून पसरत तो आफ्रिकेत गेला. २०१९ मध्ये कोलंबियात त्याची नोंद झाली आणि भारतात बिहारच्या पूर्व भागातील मळ्यांतही तो आढळला आहे. एकदा मातीत शिरला की तो वर्षानुवर्षे तेथे राहतो आणि औषधाने जात नाही.

येथे वंशावळ कामास येते. ग्रो मिशेल आणि कॅव्हेंडिश यांचा एक पूर्वज समान आहे. 'म्लाली' गटातील द्विगुणित केळींकडून त्या दोघींना गुणसूत्रांचे दोन संच मिळाले. या म्लाली केळी आज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील बेटांवर लावल्या जातात. आग्नेय आशियात उगम पावलेला हा वंश हिंदी महासागर ओलांडून, माणसाच्या होडीतून तेथे पोहोचला. वांझ कॅव्हेंडिशचा संकर करणे जवळजवळ अशक्य. पण तिचे आईबाप कोण हे कळले, तर त्या आईबापांपासून किंवा त्यांच्या रानटी नातलगांपासून रोगाला तोंड देणारी नवी केळ घडविण्याची वाट उघडते. 'मलाकेन्सिस' या रानटी उपजातीतील रोगप्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून तयार केलेल्या केळीला ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये मान्यता दिली, ती अशाच ज्ञानाच्या बळावर. बियांनी भरलेले, खाण्यास निरुपयोगी म्हणून टाकून दिलेले रानातील फळ बागेतील फळाचे रक्षण करू शकते, हे तेथे दिसले.

म्हणूनच केळींचे जतन हा आज गंभीर विषय झाला आहे. बेल्जियममधील लूव्हेनच्या कॅथोलिक विद्यापीठात १९८५ पासून जगभरातील केळींचे वाण जपले जात आहेत. तेथे दीड हजारांहून अधिक वाण काचेच्या नळ्यांतून सांभाळलेले आहेत. आपल्या देशात तिरुचिरापल्ली येथे १९९३ मध्ये केळीसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. पण जे अज्ञात पूर्वज अजून रानातच आहेत, त्यांना काचेची नळी वाचवू शकत नाही. ज्या अरण्यांकडे त्यांच्या खुणा बोट दाखवितात, ती तोडली गेली, तर त्या वंशावळीतील तीन नावे कायमची कोरी राहतील आणि पुढच्या रोगावरील उतारा कदाचित त्यांच्यापाशीच असेल.

हे दूरच्या अरण्यांबाबत जितके खरे, तितकेच आपल्या कुंपणाच्या आतही खरे आहे. बाजारात कॅव्हेंडिशला भाव आहे, म्हणून वाडीतून राजेळी, वेलची, बनकेळ एकेक करून उठत चालल्या आहेत. यांपैकी प्रत्येक केळ एका निराळ्या संकराची, निराळ्या प्रवासाची, निराळ्या आईबापांची साक्षीदार आहे. तिला बी नाही. तिचा शेवटचा कंद ज्या दिवशी उपटला जाईल, त्या दिवशी ती साक्ष संपेल. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे लिहिले आहे. त्या बागेत केळ होती की नाही, हे आपणांस ठाऊक नाही. आपल्या वाडीत ती आहे, आणि तिचा एक मुनवा शेजाऱ्याच्या वाडीत लावून देण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.